ओरडणाऱ्याला आधी नाही, घरभाड्याला आधी

या महिन्यात कर्जाचीच पत्रं जास्त आली, त्यातली भाड्याने राहणाऱ्या घरांची तीन घेतलीत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही भोसरीत भाड्याने राहतो. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, हातात ३१,५०० येतात, मी घरी ब्लाउज, ड्रेस शिवते त्याचे साडेपाच हजार होतात. दोन मुलं शाळेत, सासूबाई आमच्याकडेच. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पर्सनल लोन काढलं, माझ्या पाटल्या पण तेव्हाच ठेवल्या, सासरे गेले आणि लोन राहिलं. मग कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, हप्ता भरायला कार्ड वापरलं, कार्ड भरायला ॲप, असं करत करत आज पर्सनल लोनचे १ लाख ८५ हजार राहिलेत (हप्ता ७,२००), कार्डाचे ९० हजार, पतसंस्थेचे ७० हजार (हप्ता ३,६००, धाकटे दीर जामीन आहेत), तीन ॲपचे मिळून २८ हजार, एका ओळखीच्यांकडून शेकडा ५ ने ३० हजार घेतलेत त्याचं महिन्याला दीड हजार नुसतं व्याजच जातं, आणि २ तोळ्याच्या पाटल्या ६० हजारात गहाण. घरभाडं ९,५०० आहे ते दोन महिने दिलं नाही, कारण ॲपवाले दिवसाला वीस फोन करतात आणि मालक काका चांगले आहेत, ते काही बोलत नाहीत. मिस्टर रात्री झोपत नाहीत, घरात बोलत पण नाहीत. खर्चाचा कागद सोबत जोडलाय. काय करू ते सांगा.
– भोसरी, पुणे

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. मालक काका चांगले आहेत, ते काही बोलत नाहीत. मी १७ वर्षं एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर काढलीत आणि तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची हीच गत बघितली, की जो ओरडतो त्याला आधी पैसे जातात आणि जो गप्प बसतो त्याचं राहतं. पण ॲपवाल्याने ओरडून तुमचं काय जाणार? झोप जाते, अब्रू गेल्यासारखी वाटते, हे मान्य. घर मात्र जात नाही. घर त्या गप्प बसलेल्या काकांच्या हातात आहे. उद्या त्यांनी खोली खाली करायला सांगितली तर नवीन डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो, ॲडव्हान्स भाडं असे साठेक हजार एका आठवड्यात उभे करावे लागतील आणि ते तुम्हाला परत ॲपवरूनच काढावे लागतील. म्हणून यापुढे पगार झाला की सगळ्यात आधी भाडं, मग किराणा, लाइट बिल, शाळा, सासूबाईंची औषधं, आणि यातून उरेल त्यातून कर्ज. हा क्रम कोणाच्याही फोनने बदलायचा नाही.

आणि काकांकडे आजच जा, त्यांनी विचारायची वाट बघू नका, दोघं मिळून जा. थकलेले १९ हजार कधीपर्यंत देतो ते स्पष्ट सांगा, डिपॉझिटमधून एक महिना वळता करून घेता का तेही विचारून बघा, आणि जे ठरेल ते दोन ओळींत कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. माणूस चांगला आहे म्हणून तर हे आत्ता शक्य आहे, चार महिने थकल्यावर चांगला माणूसही कंटाळतो.

आता हिशोब. थकलेलं भाडं धरून एकूण ४ लाख ८२ हजार होतात. तुमच्या कागदाप्रमाणे घर चालवायला भाड्यासकट २७,३०० लागतात आणि येतात ३७,०००, म्हणजे हातात राहतात ९,७००. त्यातून लोनचा हप्ता, कार्डाचं मिनिमम, पतसंस्था आणि त्या ओळखीच्यांचं व्याज मिळून १६,८०० द्यायचे, म्हणजे दर महिन्याला ७,१०० चा खड्डा आणि ॲपचं, सोन्याचं व्याज त्याच्या वर. ताई, हे आकडे मिस्टरांसमोर ठेवा, कारण मला वाटतं ते गप्प आहेत ते यामुळेच, त्यांना वाटतंय की मी कुठेतरी कमी पडतोय, जास्त राबलो असतो तर झालं असतं. तसं नाहीये. सात हजारांचा खड्डा काटकसरीने बुजत नाही, तुम्ही चहा बंद केलात तरी बुजणार नाही. कर्जाचीच मांडणी बदलावी लागेल.

कार्ड आजपासून बंद. मिनिमम भरलं की कार्ड चालू राहतं एवढंच दिसतं, पण ९० हजारांवर महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज ३,१५०, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५६७, म्हणजे तुम्ही ४,५०० भरलेत तर मुद्दलातून गेले फक्त ७८३ रुपये. शिवाय मागची बाकी असताना नवीन खरेदी केली की त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. म्हणून दुकानात, ऑनलाइन, कुठेच नाही.

पाटल्यांचं लिहिताना मला जड जातंय कारण माहेरच्या असतील तर त्यात काय असतं ते मला कळतं. त्या तुमचं स्त्रीधन आहेत, विकायच्या की नाही हे फक्त तुम्ही ठरवायचं, सासरच्यांनी नाही आणि मी तर नाहीच. पण माझं मत विचारलंत तर मी विकेन. दोन वर्षांपूर्वीच्या भावाने ६० हजार मिळाले होते, आता सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, २२ कॅरेटच्या दोन तोळ्यांचे घट वजा जाता पावणेदोन लाख धरू. गहाणाचे ६० हजार आणि साठलेलं व्याज गेलं तरी १ लाख १० हजारांच्या आसपास तुमच्या हातात राहतील. सोडवायला आधी पैसे नसतील तर ओळखीचा सराफ स्वतः तारण सोडवून घेऊन उरलेले देतो, फक्त दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, वजन तुमच्यासमोर करायला सांगा, पक्की पावती घ्या. नाही सोडवल्या आणि व्याजही थकत गेलं तर एक दिवस लिलावाची नोटीस येईल, मग पाटल्याही जातील आणि हातात काही राहणारही नाही. आपल्याकडे बायकांना सोनं देतात ते अडीनडीला उपयोगी पडावं म्हणूनच ना, मग याहून मोठी अडचण कुठली यायची?

त्या १ लाख १० हजारांतून पहिले थकलेल्या भाड्याचे १९ हजार. मग शेकडा ५ वाल्यांचे ३० हजार. महिना ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के झाले, आणि महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्याकडून विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, बिनपरवाना सावकारी हा तर गुन्हाच आहे. मुद्दल परत करा, दिल्याचं लिहून घ्या, त्यांच्याकडे तुमचे चेक किंवा कोरा स्टॅम्प असेल तर तो हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. दमदाटी झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या ऑफिसात लेखी तक्रार करता येते. मग ॲपचे २८ हजार, तेही ते ॲप कोणत्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं आहे ते बघून, कारण नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव कर्जाच्या कागदावर असावंच लागतं आणि ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो बघायची मुभा नाही. कंपनीचं नावच नसेल आणि फोटो पसरवायची धमकी असेल तर पैसे भरत बसू नका, १९३० ला फोन करा, तो सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे. पैसे भरल्यावर कर्ज संपल्याचं पत्र घ्या आणि मगच ॲप काढून टाका.

आता राहतात साधारण ३३ हजार. त्यातले १० हजार बाजूला ठेवा आणि त्याला कशासाठीही हात लावू नका, कारण पोराला ताप आला की परत ॲप उघडायची वेळ येते ती हे १० हजार नसल्यामुळे. २३ हजार कार्डात भरा, बाकी ६७ हजार राहतील, ते तीन वर्षांच्या हप्त्यात बदलून द्या म्हणून कार्डाच्या बँकेला लेखी अर्ज करा, दीड टक्का महिन्याने मिळालं तर हप्ता २,४०० च्या आसपास बसतो.

पतसंस्थेचा हप्ता चुकवू नका. ती फोन करत नाही म्हणून मागे पडते, पण सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाला की तुमच्याच काय जामीनदाराच्या पगारावरही टाच येते आणि मग धाकट्या दिरांच्या घरात जे होईल ते पैशाने भरून येणार नाही. कर्ज देताना सही केलेले कोरे चेक घेतलेत का तेही आठवा. चेक बाउन्स झाल्याची वकिलाची नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस असतात, ती नोटीस उघडून वाचायची, गादीखाली ठेवायची नाही. कर्ज थकलं म्हणून पोलीस पकडून नेत नाहीत, हे दिवाणी प्रकरण असतं, पण चेकचं प्रकरण फौजदारी होतं आणि बँकेच्या ऑटो डेबिटचं पण होऊ शकतं, तेवढं जपा.

पर्सनल लोनच्या बँकेत मिस्टरांनी स्वतः जावं, ओव्हरटाइम बंद झाल्याच्या आधीच्या आणि आत्ताच्या पगाराच्या स्लिपा घेऊन. मुदत चार वर्षांवर वाढवली तर हप्ता ५,२०० च्या आसपास येईल. बँक नाही म्हणू शकते, मग वरच्या ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या. पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर थकबाकी बँक तिथूनच परस्पर कापू शकते आणि भाड्याचे पैसे खात्यात राहणारच नाहीत, त्यामुळे कंपनीत सांगून पगाराचं खातं बदलून घ्या.

एवढं सगळं जमलं तर महिन्याला ५,२००, ३,६०० आणि २,४०० मिळून ११,२०० होतात आणि तुमच्याकडे आहेत ९,७००. दीड हजार अजून कमीच आहेत, मी लपवत नाही. सासूबाईंची औषधं जनऔषधी दुकानातून घेतली तर त्यातले काही वाचतील, डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. शिलाईचे दर तुम्ही शेवटचे कधी वाढवले? माझ्या ओळखीच्या दोन-तीन बाया ओळखीपाळखीत वर्षानुवर्षं जुन्याच दरात शिवतात, तुमचंही तसंच असेल असं मला वाटतं. लग्नसराईच्या आधी अस्तराच्या ब्लाउजला ५० रुपये वाढवा, कोणी सोडून जात नाही. आणि बँक-कार्डवाले दोघंही नाहीच म्हणाले तर कार्ड थकू द्या, हे मी विचार करून लिहितेय. सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, खराब होईल, दोन-चार वर्षं नवीन कर्ज मिळणार नाही, आणि तुम्हाला सध्या नवीन कर्ज नकोच आहे. पुढे कधी तडजोडीची ऑफर येते तेव्हा ती बँकेच्या लेटरहेडवर असल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि सिबिलला तिथे 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने मिटवलं असं लागतं, 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलं असं नाही, हे माहीत असू द्या.

पुढचं आजारपण कर्जात जाऊ नये म्हणून रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधार एका पिशवीत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे, यादीतल्या हॉस्पिटलात, यादीतल्या उपचारांना वर्षाला ५ लाखांपर्यंत. ॲडमिट करताना पहिल्या तासात तिथल्या आरोग्यमित्राला शोधायचं.

आणि मिस्टर. त्यांना रात्री एकटं बसू देऊ नका. हा हिशोबाचा कागद दोघांनी मिळून लिहा, तुमच्या हाताने आकडे आणि त्यांच्या हाताने तारखा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काहीही बोलले तर 'असं बोलू नका' म्हणून विषय संपवू नका, सरळ विचारा, आणि १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात. चार लाखांचं कर्ज फिटतं हो ताई, मी फिटलेली खूप बघितलीत.

प्रश्न: मॅडम, मी २९ वर्षांचा, डोंबिवलीत आई आणि बहिणीसोबत भाड्याच्या रूममध्ये राहतो. जॉब गेला, आठ महिने घरी होतो, आता कमी पगारात लागलोय. दोन लोन थकलेत. भाडं मात्र एकदाही चुकवलेलं नाही. मागच्या आठवड्यात रात्री ९ ला दोन माणसं आली, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून गेली की हा पैसे बुडवून पळणार आहे, रूमच्या मालकालाही फोन केला, त्याचा नंबर मी लोनच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून दिला होता. मालक म्हणतोय ॲग्रीमेंट दोन महिन्यांनी संपतंय तेव्हा बघा दुसरीकडे. आई रडते. मालक मला लगेच काढू शकतो का?
– डोंबिवली

उत्तर: लगेच नाही. मुदत चालू आहे आणि भाडं वेळेवर आहे तोवर कुलूप लावणं, सामान बाहेर ठेवणं हे त्याला करता येणार नाही, फक्त तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये नोटिशीचा कालावधी किती आहे ते वाचा, एक महिन्याच्या नोटिशीने दोघांपैकी कोणीही संपवू शकतो असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. मुदत संपल्यावर मात्र नूतनीकरण करायचं की नाही हा त्याचा हक्क आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलात तर कायद्याने दुप्पट भाडं मागता येतं, म्हणून अडून बसू नका. त्यापेक्षा आईला घेऊन त्याच्याकडे जा, भाड्याच्या सगळ्या ट्रान्सफरचं बँक स्टेटमेंट दाखवा आणि सांगा की रेफरन्स म्हणजे जामीन नाही, तुमच्याकडून कोणी एक रुपया मागू शकत नाही. घाबरलेला असेल तो, त्याच्या दारात उद्या कोणी येईल असं वाटत असेल. ही भीती गेली तर अर्धं काम झालं.

त्या दोन माणसांचं वेगळं. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करून त्रास द्यायचा नाही, शिवीगाळ, धमकी, चारचौघात अपमान, नातेवाईक किंवा ओळखीच्यांना त्रास, यातलं काहीच करायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय आणि एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेचीच. पुढच्या वेळी ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा, व्हिडिओ काढा, घरात घेऊ नका, आवाज चढवू नका. आज रात्रीच बँकेच्या तक्रार विभागाला मेल लिहा, तारीख, वेळ, काय बोलले, वॉचमनचं म्हणणं, सगळं, आणि त्याच मेलमध्ये मी महिन्याला अमुक एवढे भरू शकतो हेही लिहा म्हणजे तुम्ही पळत नाही हे कागदावर येतं. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. कर्ज पतसंस्थेचं असेल तर हा लोकपाल नाही, तिथे सहकार खात्याचे उपनिबंधक. तक्रारीने कर्ज माफ होत नाही भाऊ, पण मी हे बघितलंय की मेल गेला की दाराशी येणारी माणसं गोड बोलायला लागतात.

आईला एक सांगा. भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, तिचं मंगळसूत्र यावर कोर्टाचीही जप्ती येत नाही, मग हे दोघं कोण उचलून नेणारे.

प्रश्न: माझे पती आठ महिन्यांपूर्वी गेले. नाशिकला भाड्याच्या घरात मी आणि मुलगी असतो, मी एका दुकानात कामाला जाते. त्यांच्या कार्डाचे आणि पर्सनल लोनचे मिळून अडीच लाख आहेत म्हणे, बँकेचे फोन येतात की तुम्ही वारस आहात, तुम्हाला भरावेच लागतील, निदान ५ हजार भरून सुरुवात करा. मला यातलं काही माहीत नव्हतं.
– नाशिक

उत्तर: ताई, ते ५ हजार भरू नका, फोनवर हो म्हणू नका आणि घरी आणलेल्या कुठल्याच कागदावर सही करू नका. तुम्ही कर्जाला सहकर्जदार किंवा जामीन नसाल तर त्यांचं कर्ज तुमच्या पगारातून फेडायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. वारसाची जबाबदारी त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच, जेवढं तुमच्या हातात आलं तेवढ्यापर्यंत. घर भाड्याचं आहे. भाड्याचं ॲग्रीमेंट अजून त्यांच्याच नावावर असेल तर ते मालकाशी बोलून तुमच्या नावाने करून घ्या, डिपॉझिटची पावती पण. बँकेला मृत्यूच्या दाखल्याची प्रत लावून एक पत्र द्या, कर्जाचे कागद आणि पूर्ण स्टेटमेंट मागा, यापुढे जे असेल ते लेखी कळवा म्हणा. स्टेटमेंट आलं की कर्ज दिलं त्या तारखेला विम्याचा हप्ता कापलाय का बघा, पर्सनल लोन देताना बऱ्याचदा विमा जोडलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो, कापला असेल तर लोनचं राहिलेलं विमा कंपनीने भरायचं आहे का ते बँकेला लेखी विचारा.

ते कंपनीत होते का, पीएफ कापला जात होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कापला जात असेल तर पीएफच्या पैशांवर बँकेला जप्ती आणता येत नाही, ते तुमचे आणि मुलीचे. नोकरीत असताना गेले असतील तर त्याच खात्यावर विमा असतो, पगार आणि नोकरीच्या काळाप्रमाणे जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, आणि तुम्हाला व मुलीला पेन्शन. पीएफला फॉर्म २०, विम्याला ५ आयएफ, पेन्शनला १० डी, तिन्ही कंपनीच्या सहीने जातात. कंपनी टाळाटाळ करत असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईमाणसाला तिथे उत्पन्न किती हे न बघता वकील फुकट मिळतो, फोन १५१००. दुकानातून एक अर्ध्या दिवसाची सुट्टी काढा आणि मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, त्यांची एखादी जुनी पगाराची स्लिप एवढं घेऊन जा.